जीपचं स्टिअरिंग बदलण्याआधी

रांजणगावला बसमधून उतरणारा माणूस एक तर महागणपतीच्या दर्शनाला आलेला असतो, नाही तर एमआयडीसीत कामाला निघालेला. याच एमआयडीसीतल्या फियाटच्या कारखान्यात २०१७ मध्ये जीप कंपास तयार होऊ लागली आणि २०२१ मध्ये रँग्लरची जोडणीही सुरू झाली. पण आमच्या शिरूर तालुक्यात नुसतं ‘जीप’ म्हटलं, की अजून डोळ्यांपुढे येते ती कॅनव्हासच्या टपाची जुनी महिंद्रा. निवडणुकीच्या प्रचाराला, वडापला, बाजाराच्या दिवशी शेळ्या न्यायला, सगळ्याला तीच. अमेरिकेत विलीज कंपनीनं १९५३ साली काढलेल्या ‘सीजे-३बी’ची ती आपल्याकडची बहीण. अमेरिकेत ते मॉडेल १९६८ मध्ये थांबलं, आपल्याकडे मात्र ते त्यानंतरही बनत राहिलं.

माझ्याकडे अशी १९७२ची पेट्रोल जीप आहे. नोकरी टूलरूममध्ये झाली, त्यामुळे जुनी जीप बाळगणारे लोक येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : पॉवर स्टिअरिंग बसवू का?

मी उलट विचारतो, का बसवायचंय? उत्तर येतं, ‘गाडी सरळ चालत नाही, सारखं चाक हलवावं लागतं.’ किंवा, ‘खड्ड्यात गेली की पुढची चाकं थरथर कापतात, थांबवल्याशिवाय थांबत नाहीत.’ आता या दोन्ही तक्रारींचा पॉवर स्टिअरिंगशी फारसा संबंध नाही. ती तक्रार असते ‘प्ले’ची, म्हणजे जोडांमधल्या मोकळ्या खेळाची.

या जीपची रचना थोडी समजून घेऊ. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला, बॉक्सच्या आत, स्क्रूसारखी नागमोडी खाच असते. तिच्यात एका लिव्हरच्या खुंट्या फिरतात. लिव्हरला बाहेरून ड्रॉप आर्म, त्याला ड्रॅग लिंक. पुढे दोन चाकांच्या मधोमध बेलक्रँक नावाचा एक फिरता तुकडा, आणि त्याच्यापासून दोन्ही चाकांकडे एकेक टाय रॉड. आता जोड मोजा. ड्रॅग लिंकचे दोन, टाय रॉडचे चार, बेलक्रँकची पिन, शिवाय चाकांपाशी किंगपिनचे चार बेअरिंग. प्रत्येक ठिकाणी केसाएवढी झीज धरली, तरी तिची बेरीज होऊन चालकाच्या हातात वीतभर फिरणारं रिकामं चाक येतं. आणि दोष दिला जातो बिचाऱ्या बॉक्सला!

झीज कुठे आहे ते शोधायला मोठं यंत्र लागत नाही. एकानं सीटवर बसून स्टिअरिंग थोडं थोडं डावीउजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्यानं गाडीखाली झोपून एकेका जोडावर हात ठेवायचा. जोडाची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथे झीज. मग पुढचं चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून झटकायचं. हललं, तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला, तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. तसाच राहिला, तर किंगपिन. एवढं ज्याला येतं, त्याचे पुष्कळ पैसे वाचतात.

शेजारच्या गावातले एक शेतकरी गेल्या हंगामात आले होते. चाळीस-पन्नासचा वेग आला आणि खड्डा लागला, की त्यांच्या जीपची चाकं नाचायची. एका गॅरेजवाल्यानं बॉक्स काढून पॉवरचा बसवायचा खर्च सांगितला होता. आम्ही गाडी पाहिली, तर बेलक्रँकची पिन एका बाजूनं स्पष्ट खाल्लेली आणि किंगपिनमध्ये जो थोडा दाब हवा, तो शून्य. पिन आणि बुश नवे घातले, टाय रॉडची टोकं बदलली, किंगपिनच्या टोपीखालच्या पातळ पत्त्या म्हणजे शिम कमी केल्या. दाब बेताचा झाला की नाही हे गॅस सिलिंडर तोलणाऱ्याकडे असतो तशा स्प्रिंगच्या काट्यानं ओढून पाहायचं. शेवटी टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचं पुढून किंचित आत वळलेलं असणं. या जीपला ते एक ते अडीच मिलिमीटरच्या दरम्यान लागतं. गाडी नाचायची थांबली. बॉक्स जुनाच आहे.

मग बदल करूच नये का? असं मी म्हणणार नाही. मूळ जीपला सहा इंची अरुंद टायर होते. आता लोक रुंद टायर घालतात, पेट्रोल इंजिनच्या जागी जड डिझेल इंजिन बसवतात. सगळा भार पुढच्या चाकांवर आणि तिथून खांद्यांवर. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ सत्तरीला आलेत. त्यांना अंगणातल्या अंगणात गाडी वळवताना दम लागायचा, जीप विकायच्या गोष्टी चालल्या होत्या. त्यांच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग बसवलं, आणि ते योग्यच झालं. अजून शेतावर स्वतः गाडी नेतात.

अमेरिकेत या बदलाला जुना रस्ता आहे. मिशिगन राज्यातल्या सॅगिनॉ गावच्या नावानं ओळखला जाणारा जनरल मोटर्सचा बॉक्स लोक जुन्या जीपला घालतात. त्यात स्क्रू आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरत असतात. घासण्याऐवजी त्या गडगडतात, म्हणून चाक हलकं फिरतं. १९४० मध्ये कॅडिलॅकमध्ये तो आला आणि पुढे साठच्या दशकातल्या पाँटिॲक जीटीओ, शेव्हरोले कॅमॅरो अशा दांडग्या इंजिनाच्या गाड्यांतही त्याच जातीचा बॉक्स होता. त्याबरोबर बेलक्रँक निघून जाते आणि दोन चाकांमध्ये एकच लांब टाय रॉड येतो. तीन झिजणारे जोड कमी होतात, हा खरा फायदा. हलकेपणाची किंमत मात्र आहे. जुन्या बॉक्सचं गुणोत्तर बारा-चौदाच्या घरात, बिनपॉवरच्या सॅगिनॉचं चोवीस. म्हणजे हात हलका, पण फेरे जास्त. ते नको असतील, तर पंप आणि पॉवर आली. रांजणगावात जोडलेल्या नव्या रँग्लरमध्येही गोळ्यांचाच बॉक्स आहे, फक्त पंप विजेवर चालतो.

आपल्याकडे हा बॉक्स बहुधा भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीचा येतो, आणि धोका तिथून सुरू होतो. जुन्या बॉक्सवर फक्त माणसाच्या हाताचा जोर यायचा. पॉवरच्या बॉक्समागे पंपाचा जोर असतो. चाक दगडाला अडलं, की तो सगळा जोर चासीला लावलेल्या ब्रॅकेटवर येतो. पन्नास वर्षांच्या पत्र्याला नुसती कडेनं वेल्डिंग मारून बसवलेलं ब्रॅकेट मी चिरलेलं पाहिलं आहे. चासीच्या आत नळीचे तुकडे घालून आरपार बोल्ट, मागून जाड प्लेट, आणि दुसऱ्या बाजूच्या चासीपर्यंत आडवा आधार, हे तिन्ही हवंच. ड्रॅग लिंक टाय रॉडला शक्य तितकी समांतर हवी. तिरकी पडली, तर खड्ड्यात गाडी आपोआप वळते. आणि ड्रॉप आर्म तापवून वाकवणारा, टाय रॉडला जोड मारणारा कारागीर कितीही हुशार असो, त्याला नमस्कार करून परत यावं. ऊसतोडणीच्या हंगामात रात्री नगर रस्त्यावर समोरून दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर दिव्याविना येतो, तेव्हा हातातलं चाक आणि खालचं चाक यांच्यामध्ये दुसरं काही नसतं.

कायद्याचंही पाहावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ रचना बदलण्यावर बंधन आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आले. त्यात चासी, बॉडी, इंजिन मूळ असावं लागतं. म्हणून ब्रॅकेटसाठी चासी कापण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं.

माझ्या जीपला मी बेलक्रँकच ठेवली आहे. टायर अरुंद आहेत, गाव ते शेत एवढाच पल्ला, आणि ओल्या मुरमावर चाक सुटायला लागलं की ते हाताला आधी कळतं, हे मला आवडतं. पण ज्यांनी बॉक्स बदलला आहे, त्यांना एक काम सांगतो. प्रत्येक नटावर आणि त्याच्या शेजारी मिळून रंगाची एक रेघ मारा. पाचशे किलोमीटर झाले की खाली वाकून पाहा. रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला आहे.