नोंदवहीत नसलेली अळंबी



बक्षीस समारंभ आणि नाचगाण्यांच्या मधोमध प्रमुख पाहुण्याला उभं करायची पद्धत कुणी काढली कोण जाणे! विंगेत लावणीवाल्या मुली ताटकळल्या आहेत, तेव्हा आटोपतं घेतो. मला बोलायचंय ते वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करणाऱ्यांशी. बाकीच्यांनी ऐकलं तरी हरकत नाही.

प्रकल्पाला विषय कुठला घेऊ, असं मुलं विचारतात. बहुतेकांना डीएनए तपासणाऱ्या यंत्रावरचं काम हवं असतं. डीएनएशी माझं भांडण नाही. पण नमुना मुळात कशाचा आहे हे सांगणारा माणूसच नसेल, तर त्या डीएनएचं करायचं काय? रानात उभं राहून झाड ओळखणारे कमी होत चाललेत, आणि संवर्धनाचं घोडं तिथंच अडतंय.

शिंदळ माकुडी घ्या. शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या कड्यांवर, कपारीत वाढणारी मांसल वनस्पती. गडद किरमिजी फूल, त्यावर पिवळे ठिपके. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल या वनाधिकाऱ्यानं तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया’ म्हटलं. नाव एका साहेबाचं लागलं, याची चुटपुट मलाही आहे. पण वर्णन झालं म्हणूनच पुढच्यांना ती शोधता आली, तिची रोपं करता आली. कूकसाहेबांची १९०१ ते १९०८ मधली मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची आजही आम्ही उघडतो, ती याचसाठी.

बुरशींच्या नशिबी एवढंही नाही. जगात त्यांच्या पंचवीस लाखांच्या आसपास जाती असाव्यात असा अंदाज आहे. नाव मिळालंय ते जेमतेम दीड लाखांना. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. तो एकदा तरी बघून या.

पावसाळ्यात कोकणात रस्त्याकडेला पानांवर मांडलेली रानअळंबी तुम्ही पाहिली असेल, खाल्लीही असेल. त्यातली वारुळावरची अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस नावाची बुरशी. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड चावून वारुळात त्याचा थर रचते, त्यावर ही बुरशी वाढते आणि वाळवीला न पचणारं पचवून देते. आपण तोडतो ते नुसतं फळ, झाड सगळं जमिनीखाली. जेसीबीनं वारूळ सपाट केलं की झाडच गेलं. धिंगरी अळंबीसारखं शेडमध्ये तिचं पीक घेणं अजून जमलेलं नाही.

तिचा अभ्यास करायला सुरुवातीला लागतं काय? रोप जसं वर्तमानपत्रात दाबून वाळवतात, तशी अळंबी दाबून चालत नाही. ताजी असतानाच रंग, वास, टोपीखालच्या पडद्या टिपून घ्यायच्या. मग टोपी कापून रात्रभर कागदावर उपडी ठेवायची आणि वर वाटी झाकायची. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो. टर्मिटोमायसिसचा फिकट गुलाबी. पुढे सूक्ष्मदर्शक, आणि मग खुशाल डीएनए. नमुन्यावर तारीख, ठिकाण आणि गोळा करणाऱ्याचं नाव हवंच; त्याशिवाय तो नमुना म्हणजे नुसता कचरा. आणि नाव पक्कं होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, हे पालकांच्या समाधानासाठी सांगतो!

आता कामाचं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. मी चाळलेल्या नोंदवह्यांत आंबा, फणस, हिरडा, बेहडा सगळं होतं. अळंबी मात्र एका ओळीत उरकलेली, नाहीतर नव्हतीच. वारुळं कुठं आहेत, कुठली अळंबी कुठल्या नक्षत्रात उगवते, हे गावातल्या बायकांना तोंडपाठ असतं. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

तेव्हा यंदा विषय ठरवण्याआधी आपल्या ग्रामपंचायतीत जा आणि ती नोंदवही बघायला मागा. अळंबीचं पान कोरं असेल, तर तुमचा प्रकल्प ठरला. प्राचार्य महोदय, त्या मुलांच्या एसटीच्या भाड्याची सोय तेवढी महाविद्यालयानं करावी, ही माझी जाहीर विनंती.