बंबाचें म्हातारपण



अग्निशामक केंद्रावरून जातांयेतां तांबडाभडक बंब उभा असलेला आपण नेहमीं पाहतों. टांकी भरलेली असते, शिडी जागच्या जागीं असते आणि जवान वर्दीची वाट पाहत असतात. पाहणाराला वाटतें कीं, हें वाहन दिवसाचा बहुतेक वेळ स्वस्थ उभें असतें. तें झिजणार तरी कसें? नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर चर्चा चालते तेव्हांहि अनेकांच्या मनांत हाच विचार असतो. रस्ता उखडला तर तो रोज दिसतो, नळ कोरडा पडला तर घरोघर ओरड होते. बंब मात्र जुना झाला तरी, ज्या दिवशीं आग लागते त्या दिवसापर्यंत, त्याच्याबद्दल कोणाचीच तक्रार नसते. म्हणून त्याच्या जागीं नवा बंब घेण्याचा खर्च दर वर्षीं पुढच्या वर्षावर ढकलला जातो.

मुंबईच्या अग्निशामक दलांत पूर्वीं घोड्यांचे बंब असत. १९०७ सालीं तेथें पहिला मोटार-बंब आला. घोडा म्हातारा झाला म्हणजे तें सर्वांना दिसतें. लंगडणाऱ्या घोड्याला दुसऱ्या दिवशीं कोणी गाडीस जुंपीत नाहीं. यंत्राचें म्हातारपण असें चटकन् दिसत नाहीं. तें ओळखावयाचें तर बंबाला कोणतें काम करावें लागतें हें पाहिलें पाहिजे.

साधारण बंबाच्या टांकींत सुमारें ४,५०० लिटर पाणी मावतें. म्हणजे साडेचार टनांचें ओझें झालें. मालमोटार माल उतरला कीं हलकी होते. बंब रात्रंदिवस भरलेलाच असतो, कारण वर्दी आल्यावर टांकी भरीत बसण्यास सवड नसते. त्यामुळें उभ्या गाडीचे पाटे आणि टायर यांवरहि अखंड भार राहतो. आगीच्या ठिकाणीं पोंचल्यावर चाकें थांबतात, पण इंजिन थांबत नाहीं. त्याचीच शक्ति पंपाकडे वळविलेली असते. किलोमीटरचा आंकडा जागचा हालत नाहीं, इंजिन मात्र तासन् तास राबत असतें. अशा वेळीं आंकडा पाहून 'गाडी फारशी धांवलेली नाहीं' असें म्हणणें, म्हणजे पिठाची गिरणी एक पाऊलहि चालली नाहीं म्हणून ती नवीच आहे असें म्हणण्यासारखें आहे.

पंपाची गोष्टहि अशीच आहे. विहिरींतून वा तलावांतून पाणी ओढावयाचें तर आधीं नळांतील हवा काढून टाकावी लागते. हवेच्या दाबाचा नियम असा कीं, सर्वोत्तम पंपहि सुमारें दहा मीटरांहून खोल असलेलें पाणी ओढूं शकत नाहीं; व्यवहारांत ही मर्यादा सात मीटरांच्या आसपास येते. सांधे झिजून थोडी हवा आंत शिरूं लागली कीं ती आणखी घटते. केंद्रावर उभ्या असलेल्या गाडींत हा दोष दिसत नाहीं. तो विहिरीच्या कांठावर, घर पेटलेलें असतांना, कळून येतो.

तेव्हां बंबाचें आयुष्य किलोमीटरांनीं न मोजतां वर्षांनीं, इंजिनाच्या तासांनीं आणि पंपाच्या नियमित चांचणीनें मोजावयास हवें. अमेरिकेंतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेचें मार्गदर्शन असें कीं, पंधरा वर्षें झालेला, परंतु चांगल्या स्थितींत ठेवलेला बंब पहिल्या फळींतून काढून राखीव ठेवावा, आणि पंचवीस वर्षें झालेल्या बंबाला निवृत्त करावें. या पद्धतींत जुन्या वाहनाचाहि मान राहतो. नवा बंब दुरुस्तीस गेला म्हणजे राखीव बंब त्याची जागा घेतो. जेथें गांवाला एकच बंब आहे, तेथें तो कारखान्यांत उभा असेल तितके दिवस गांव उघडें असतें.

आपल्या देशांत पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचें नूतनीकरण न करण्याचा केंद्र सरकारचा नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आला. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्था यांसाठीं लागणाऱ्या कांहीं खास वाहनांना त्यांत सूट आहे. पण नगरपालिका व महानगरपालिका यांचीं वाहनें नियमाच्या कक्षेंत घेतलेलीं आहेत. जुनें वाहन काढण्याची तारीख अशी आधींच ठरलेली असतां नव्याची तजवीज मात्र केलेली नसेल, तर नियम पाळल्यानेंच केंद्र रिकामें पडावयाचें. शिवाय बंब दुकानांतून उचलून आणण्याची वस्तु नव्हे. गाडीचा सांगाडा एका कारखान्याचा, टांकी व पंप बसविण्याचें काम दुसऱ्याचें. निविदेपासून प्रत्यक्ष गाडी हातीं येईपर्यंत बराच काळ जातो.

आतां प्रश्न पैशाचा. हा प्रश्न नवा नाहीं. लंडन शहरांत १६६६ च्या महाआगीनंतर विमा कंपन्या निघाल्या आणि त्यांनींच आपापले बंब ठेवले. १८३३ सालीं बहुतेक कंपन्यांनीं मिळून एक दल उभारलें. त्याचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड. २२ जून १८६१ रोजीं टूली स्ट्रीटवरील वखारींना आग लागली. तींत भिंत कोसळून ब्रेडवुड मरण पावले. ही हानि पाहून कंपन्यांनीं सरकारला कळविलें कीं, साऱ्या शहराच्या रक्षणाचा भार यापुढें आम्हांस झेपणार नाहीं. १८६५ सालीं कायदा झाला आणि पुढच्या वर्षीं सार्वजनिक दल सुरू झालें. त्याच्या खर्चासाठीं नागरिकांवर पौंडास अर्धा पेनी कर बसला, सरकारनें वर्षाला १०,००० पौंड देऊं केले, आणि विमा कंपन्यांनीं विमा उतरविलेल्या दर दहा लक्ष पौंडांमागें ३५ पौंड द्यावयाचे ठरलें. नगर वाढत गेलें, पण उत्पन्न कायद्यानेंच बांधून टाकलेलें होतें. त्यामुळें दलाला पुढें पैशाची चणचण भासली.

ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यांत दीडशे वर्षांनंतर याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढें आली. तेथें अग्निशमनाचा बराचसा खर्च विम्याच्या हप्त्यावर आकार बसवून काढीत. म्हणजे ज्यानें विमा उतरविला त्यानें पैसे भरावयाचे आणि ज्यानें उतरविला नाहीं त्याच्याहि दारीं बंब यावयाचा. १ जुलै २०१३ पासून तेथें हा आकार काढून तो मालमत्तेवर बसविण्यांत आला. दोन्ही अनुभवांचें तात्पर्य एकच: ज्या सेवेचा आधार सर्वांना, तिचा भार सर्वांवर असावा; आणि गरज वाढेल तसें तिचें उत्पन्नहि वाढावें.

आपल्याकडे १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कार्यसूचींत घातली. महाराष्ट्रांत २००६ च्या कायद्यानें इमारतींकडून अग्निशमन सेवा शुल्क घेण्याची तरतूद केली. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारनें २०२३ सालीं ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. तींत बहुतेक राज्यांनीं आपला २५ टक्के वाटा घालावयाचा होता, ईशान्येकडील व हिमालयांतील राज्यांनीं १० टक्के. असें अनुदान स्वागतार्हच आहे. परंतु एकाच वर्षीं आलेल्या पैशांतून एकदम घेतलेले बंब एकाच वर्षीं म्हातारेहि होतात. अनुदान हें लग्नांतल्या आहेरासारखें आहे. त्यावर संसार चालत नाहीं.

संसार चालतो तो दरमहाच्या शिलकेवर. ज्या शहरापाशीं पंधरा बंब आहेत आणि बंबाचें पहिल्या फळींतील आयुष्य पंधरा वर्षें धरलें आहे, त्यानें दर वर्षीं एक बंब घ्यावा. ज्या गांवाला एकच बंब आहे, त्यानें दर वर्षीं किंमतीचा पंधरावा भाग निराळ्या खात्यांत टाकावा, आणि किंमती चढतील तशी ती रक्कमहि चढवावी. कोणी विचारील, शाळा, दवाखाने व पाणी सोडून यालाच पैसा कां? परंतु हा खर्च टाळल्यानें टळत नाहीं. तो फक्त साठत जातो आणि एके दिवशीं अवघा अंगावर येतो. घराला आग लागल्यावर विहीर खणणाऱ्याला आपण हंसतों. बंब मोडल्यावर निविदा काढणारें नगर त्याहून फारसें शहाणें नव्हे.

१४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावरील स्फोटांत अग्निशामक दलाचे ६६ जण प्राणांस मुकले. मे २०१५ मध्यें काळबादेवीच्या जुन्या इमारतीच्या आगींत याच दलाचे चार अधिकारी गेले. हे मृत्यु वाहनांच्या दोषामुळें घडले नाहींत. परंतु ज्यांना अशा आगींत शिरावयाचें असतें, त्यांच्या मनांत निदान आपल्या पाठीमागच्या पंपाबद्दल शंका असूं नये. दर वर्षीं १४ एप्रिलला त्या ६६ जणांचें स्मरण करून देशभर अग्निशमन सप्ताह सुरू होतो. फुलें वाहिलीं जातात, तीं वाहावयासच हवींत. त्या आठवड्यांत प्रत्येक शहरच्या नागरिकांनीं आपल्या नगरसेवकाला चार गोष्टी विचाराव्या: आपल्या बंबांचें वय काय, पंपाची शेवटची चांचणी केव्हां झाली, राखीव बंब किती, आणि पुढच्या बंबासाठीं यंदा किती रुपये बाजूस टाकले. पहिल्या तीन प्रश्नांचें उत्तर बहुधा चौथ्याच्या उत्तरांत सांपडेल.