विमानाचा प्रोपेलर: निवडायचा कसा आणि सांभाळायचा कसा

(या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सायखेड्यातून बोलतोय. आपल्या भागातल्या पोरांना विमानाचं तसं अप्रूप नाही. ओझरचा एचएएलचा कारखाना १९६४ पासूनचा. मिग झालं, सुखोई झालं, सगळी जेट. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे एचटीटी-४० या शिकाऊ विमानाच्या उत्पादन लाइनचं उद्घाटन झालं, आणि त्याच्या नाकावर चार पात्यांचा प्रोपेलर आहे. म्हणून म्हटलं, आज प्रोपेलरवर बोलू. बोलायचं मात्र छोट्या विमानांबद्दल. बारामतीला, धुळ्याला, गोंदियाला पायलट शिकतात ना, तसली विमानं.

आधी दोन आकडे

प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंखच. राईट बंधूंनी १९०३ च्या विमानाला लावलेले लाकडी प्रोपेलर हे ओळखूनच घडवले होते. त्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच. व्यास म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांबी. पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलर किती पुढे सरकायला हवा. लाकडात स्क्रू पिळताना तो एका आट्यात जेवढा आत जातो, तसं.

सेस्ना १७२ एस घ्या. तिचा नेहमीचा प्रोपेलर ७६ इंच व्यासाचा, ६० इंच पिचचा. इंजिनाची मर्यादा मिनिटाला २७०० फेरे, म्हणजे सेकंदाला ४५. हिशोब केला तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २७३ मीटर येतो. आवाजाचा वेग साधारण ३४० मीटर. टोक त्याच्या फार जवळ गेलं की आवाज वाढतो, ताकद वाया जाते. त्यामुळे 'मोठा पंखा लावू, जास्त ओढेल' हे गणित चालत नाही. शिवाय मोठं पातं जमिनीला टेकायची भीती वेगळीच.

निवड म्हणजे तडजोड

ज्यांच्याकडे द्राक्षबाग आहे त्यांना हे लगेच कळेल. फवारणीच्या ब्लोअरच्या फॅनची पाती जास्त तिरकी केली की हवा जास्त फेकली जाते, पण ट्रॅक्टर दबतो. विमानातही तेच. पिच जास्त असेल तर उंचीवर सरळ उडताना वेग चांगला मिळतो, पण धावपट्टीवर इंजिन दबतं, फेरे चढत नाहीत, विमान उचलायला वेळ लागतो. पिच कमी असेल तर चटकन उचलतं, छान चढतं, पण पुढे वेगाला कमी पडतं आणि इंजिन उगाच गरगरतं. फिक्स पिचचा प्रोपेलर म्हणजे एकाच गिअरमध्ये अडकलेली मोटरसायकल समजा.

आता तुमचं काम काय, ते बघायचं. दिवसभर उतरा-उडा करणारं शिकाऊ विमान असेल तर चढणारा प्रोपेलर बरा. लांबचा प्रवास असेल तर पळणारा. आपल्याकडे आणखी एक गोष्ट: नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आणि एप्रिल-मेमध्ये ऊन चाळिशीला. हवा विरळ होते. इंजिनाची ताकद घटते आणि पात्यालाही कापायला हवा कमी मिळते. दुपारी पूर्ण भार घेऊन उडायचं असेल तर हा विचार आधी.

दोन्ही हवं असेल तर कॉन्स्टंट स्पीड प्रोपेलर. यात गव्हर्नर इंजिन ऑइलच्या दाबाने पात्यांचा कोन उडतानाच बदलतो. पण वजन वाढतं, किंमत वाढते, देखभालही वाढते.

आणि एक लक्षात ठेवा, बाजारात जाऊन आवडला तो प्रोपेलर आणला, असं होत नाही. सर्टिफाइड विमानाला कोणता प्रोपेलर चालतो हे त्याच्या मंजूर कागदपत्रांत लिहिलेलं असतं. त्याबाहेर जायचं तर वेगळी मंजुरी. स्वतः विमान बांधणाऱ्याची गोष्ट निराळी. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं, २०१६ मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये डीजीसीएची नोंदणी मिळाली. अशा कामात इंजिन आणि प्रोपेलरची जोडी जमवणं ही बांधणाऱ्याचीच डोकेदुखी.

जोडी जमली का, हे तपासायची सोपी रीत आहे. ब्रेक दाबून विमान उभं ठेवायचं, पूर्ण थ्रॉटल द्यायचा, फेरे बघायचे. फिक्स पिचला मॅन्युअलमध्ये किमान आणि कमाल आकडा दिलेला असतो. कमी आले तर इंजिन अशक्त आहे किंवा पिच जास्त आहे. जास्त आले तर पिच कमी आहे. मीटर खोटं बोलत नाही ना, तेही बघायचं.

नखाएवढी खाच

आता खरा मुद्दा. प्रोपेलर बहुतेक वेळा मोठ्या दणक्याने खराब होत नाही. खडीचा एक खडा उडतो आणि पात्याच्या पुढच्या कडेला नखाएवढा टवका पडतो. दिसायला काहीच नाही.

पण हिशोब बघा. त्याच सेस्नाच्या पात्याच्या टोकाशी १०० ग्रॅम धातू आहे असं धरा. २७०० फेऱ्यांना तो बाहेरच्या बाजूला सुमारे ७८० किलोच्या जोराने ओढला जातो. म्हणजे आपल्या मार्केटातल्या पन्नास किलोच्या पंधरा कांदा गोण्या! एवढा ताण टवक्याच्या टोकदार तळाशी गोळा होतो. तिथून भेग सुरू होते आणि फेऱ्यागणिक पुढे सरकते. टोक तुटलं की तोल जातो, आणि ती थरथर इंजिन त्याच्या माउंटवरून उखडू शकते.

म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी, इंजिन बंद आणि थंड असताना, पाती नीट बघायची, पुढच्या कडेवरून बोट फिरवायचं. बोटाला अडकलं तर लायसन्सधारक इंजिनिअरला बोलवायचं. तो बारीक कानशीने खाच उघडी, उथळ आणि गुळगुळीत करतो, मग पॉलिश पेपर मारतो, गरज असेल तर भेग शोधायची चाचणी करतो. किती धातू काढायचा याची मर्यादा कंपनीने ठरवलेली असते. हातोडीने ठोकून सरळ करणं, एमसील भरणं, वरून रंग मारणं, हे जुगाड इथे चालत नाहीत. रंगाखाली भेग लपते, बरी होत नाही.

बाकी सवयी साध्या आहेत:

- खडीवर, मातीवर उभं राहून इंजिन रेझ करू नका. प्रोपेलर खडे स्वतःकडे ओढतो.
- किडे, चिखल मऊ कापडाने पुसा. प्रेशर वॉशर नको.
- पात्याचं टोक धरून विमान ढकलू नका. टो बार त्यासाठीच असतो.
- लाकडी प्रोपेलर असेल तर उभा करताना पाती आडवी ठेवा, नाहीतर ओल खालच्या पात्यात उतरून तोल बिघडतो. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं. म्हणून ऋतू बदलला की बोल्टचा टॉर्क तपासून घ्यायचा.
- ओव्हरहॉलला तास आणि वर्षं अशा दोन मर्यादा असतात, जी आधी येईल ती धरायची. हँगरमध्ये उभ्या विमानालाही गंज लागतो.
- फिरता प्रोपेलर जमिनीला किंवा कशाला लागला, तर पातं बदलून भागत नाही. धक्का क्रँकशाफ्टपर्यंत गेलेला असतो. इंजिन उघडून तपासावं लागतं. खर्च मोठा आहे, पण हवेत इंजिन बंद पडण्यापेक्षा स्वस्त.

हात लावण्याआधी

हे नीट ऐका. चावी बंद आहे म्हणून प्रोपेलर सुरक्षित, असं कधीच समजू नका. विमानाच्या पिस्टन इंजिनाला मॅग्नेटो असतो, जुन्या मोटरसायकलच्या मॅग्नेटचा भाऊच. ठिणगीसाठी त्याला बॅटरी लागत नाही. स्विच बंद केल्यावर तो एका वायरने अर्थ होतो. ती वायर तुटलेली असेल तर हाताने पातं फिरवलं तरी इंजिन एखादा ठोका घेऊ शकतं, आणि तेवढ्यात हात जातो. त्यामुळे प्रोपेलर नेहमी जिवंत समजायचा. फोटोसाठी त्याला टेकून उभं राहू नका, आणि फिरत असताना त्याच्या रेषेत तर मुळीच नको.

तुमच्यातले काही फवारणीचे ड्रोन उडवतात. तुम्हालाही हेच लागू. फरक एवढाच, ड्रोनच्या पात्याला टवका पडला तर घासत बसू नका, कंपनीचं त्याच मापाचं नवीन पातं लावा. बॅटरी जोडण्याआधी प्रत्येक पातं बघा, बोट फिरवा. मिनिटभराचं काम आहे.

ज्यांना हे काम करायचं आहे, त्यांनी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स ठेवा आणि एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंगची माहिती काढा. संस्था डीजीसीएची मान्यता असलेलीच आहे ना, हे फी भरण्याआधी तपासा. पायलट होण्यापेक्षा या कामाचं कौतुक कमी होतं. पण विमान उडायला तयार आहे अशी सही हाच माणूस करतो, आणि पायलट त्या सहीवर विश्वास ठेवून उडतो.

आजच्यापुरतं एवढंच. प्रश्न असतील तर पाठवा. भेटू पुढच्या भागात.