दारू पिऊन गाडी चालवल्याची केस, आणि वकील नाही

हातातलं काम असेल तर चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, त्यावर गटाच्या बैठकीत उघड कुणी बोलत नाही. बैठक संपली, सतरंजी गोळा झाली, की मग एखादी मागे थांबते आणि हळूच विचारते, "ताई, ह्यांना काल नाकाबंदीत धरलं. पिऊन गाडी चालवत होते. आता कोर्टात जायचंय. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. काय करू?"

लग्नसराईत आणि जत्रांच्या दिवसांत असे प्रश्न जास्त येतात. आता काहीजणी म्हणतील, आडवी बाटली करायला निघालेल्या आपण, पिणाऱ्याला कशाला मदत सांगायची? प्रश्न बरोबर आहे. पिऊन गाडी चालवणारा रस्त्यावरच्या शाळेच्या पोरींचा, बैलगाडीवाल्याचा, पहाटे दूध घालायला निघालेल्या बाईचा जीव धोक्यात घालतो. शिक्षा टाळायची युक्ती आम्ही सांगणार नाही. पण दंड भरायला डोरलं मोडतं ते बाईचं, गाडी अडकते ती गटाच्या कर्जातली आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवते तीही बाईच. कायदा माहीत नसला की शिक्षेपेक्षा जास्त पैसा मधल्या मध्ये जातो. तो वाचावा म्हणून हे बोलणं.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १८५ या गुन्ह्याचं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली की गुन्हा होतो. पहिल्यांदा असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ साली कायदा बदलला, तेव्हापासून दंड एवढा झाला. त्याआधीचा दोन हजारांचा आकडा अजून कुणी सांगत असेल तर तो जुना.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, अशा चुकांची पावती रस्त्यावर फाडून मिटते. पिऊन गाडी चालवण्याचं तसं नाही. हे प्रकरण कोर्टातच जातं. त्यामुळे रस्त्यावर कुणी "एवढे द्या, इथंच मिटवू" म्हणालं, तर ते पैसे सरकारी तिजोरीत जात नाहीत आणि तुमच्या हातात कागदही येत नाही.

आता धरलं त्या रात्रीचं. गणवेशातल्या पोलिसाला संशय आला तर तो मशीनमध्ये फुंकर मारायला सांगू शकतो. "फुंकणारच नाही" म्हणून सुटका होत नाही. विनाकारण नकार दिला तर तो नकारच कोर्टात त्याच्या विरुद्ध धरता येतो आणि अटकही होऊ शकते. मशीनमधून चिठ्ठी निघते. तिच्यावर आकडा, तारीख, वेळ असते. ती वाचून घ्या आणि आकडा घरी वहीत लिहून ठेवा. पुढे सगळं त्या आकड्यावर चालतं.

अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. तेवढ्या वेळात नाही झाली तर कोठडीतून सोडायला हवं, असं कलम २०२ सांगतं. सोडलं म्हणजे केस संपली असं मात्र समजू नका. अटक केल्यावर का केली ते त्याला सांगणं, घरच्या माणसाला कळवणं, २४ तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करणं, ही पोलिसांची जबाबदारी आहे. त्या २४ तासांत प्रवासाचा वेळ धरत नाहीत. आणि वकिलाशी बोलायचा हक्क त्याला पहिल्या दिवसापासून आहे.

हा गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे जामीन हा हक्क आहे, उपकार नाही. पोलीस ठाण्यातूनही जामिनावर सोडता येतं. जामीनदार लागला तर त्याची ओळखपत्रं आणि सातबारा, पगारपत्रक किंवा ऐपतीचा दाखला असं काहीतरी मागतात. माणूस खरंच गरीब असेल आणि जामीनदार मिळत नसेल तर जातमुचलक्यावर, म्हणजे "मी तारखेला हजर राहीन" एवढं लिहून देऊन सोडायची तरतूद कायद्यात आहे. ती मागावी लागते. आणि मैत्रिणींनो, बायकोनंच जामीनदार व्हावं असा कुठलाही नियम नाही. तुमची इच्छा नसेल तर सही करू नका. जामीनदार झाल्यावर तो तारखेला गेला नाही तर रक्कम तुमच्याकडे मागितली जाते.

आता गाडीचं. गाडी कुणाच्या नावावर आहे हे आरसी पुस्तकात बघा. आमच्या ओळखीच्या एका ताईंची स्कूटी गटाच्या कर्जातून घेतलेली, भाजीच्या धंद्यासाठी. नवरा पिऊन घेऊन गेला आणि ती ठाण्यात अडकली. पंधरा दिवस ताई डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला गेल्या. कोर्टाबाहेर एकजण भेटला, गाडी सोडवायचे आठ हजार मागत होता. ताईंनी दिले नाहीत. त्यांनी काय केलं ते ऐका. गाडी त्यांच्या नावावर, गुन्हा त्यांच्यावर नाही. म्हणून गाडी ताब्यात मिळावी असा अर्ज त्यांनी स्वतः केला. आरसी, विमा, आधार कार्ड आणि कर्जाचा हप्ता चालू असल्याचा गटाचा दाखला जोडला. आणि वकील मिळाला फुकट, कारण कायद्यानं स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. गाडी कोर्ट बोलावेल तेव्हा आणीन, विकणार नाही, असा बाँड लिहून दिला आणि गाडी घरी आली. जप्त गाड्या ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच सांगितलेलं आहे.

पण उलटी बाजूही ऐका. तो प्यालेला आहे हे दिसत असताना आपण हातानं किल्ली दिली, तर गुन्ह्याला मदत केली म्हणून आपल्यावरही केस होऊ शकते. पिऊन चालवताना गाडी आपटली तर विमा कंपनी गाडीची भरपाई सहसा नाकारते. म्हणून किल्ली कुठे ठेवायची हा घरातला साधा प्रश्न नाही.

आता कोर्टाचा दिवस. समन्स आलं की त्यावरची तारीख, वेळ, कोर्टाचं नाव आणि केस नंबर वहीत लिहा. तारीख चुकवू नका. चुकवली की वॉरंट निघतं आणि साधी केस अवघड होते. त्या दिवशी सकाळी प्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. पण तसेही लोक कोर्टात आलेले आम्ही पाहिलेत, म्हणून सांगतो.

नाव पुकारलं की आत जायचं. न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" या एका प्रश्नावर पुढचं सगळं ठरतं. बाहेर बसलेले सल्लागार म्हणतात, "हो म्हण आणि सुट, दंड भरून घरी जा." खरंच प्यायला होता, आकडा जास्त होता आणि त्याला ते मान्य असेल तर कबूल करणं चूक नाही. पण हो म्हणण्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात. एक, हो म्हटलं म्हणजे दंडच होईल याची हमी नाही, कैदही देता येते. दोन, त्याच्या नावावर शिक्षा लागते. पुढच्या वेळी तो दुसऱ्या गुन्ह्याच्या खात्यात जातो आणि लायसनवरही गदा येते. ट्रॅक्टर, टेम्पो, जीप चालवून पोट भरणाऱ्याला हे दंडापेक्षा जड जातं. तीन, कबुली दिल्यावर "मी गुन्हा केलाच नव्हता" असं अपिलात म्हणता येत नाही. शिक्षा जास्त झाली एवढंच म्हणता येतं.

कबूल नसेल तर "कबूल नाही" म्हणायचा हक्क आहे, आणि त्यानं न्यायाधीश चिडत नाहीत. मग पोलिसांना पुरावा द्यावा लागतो. चिठ्ठी कुठे, डॉक्टरांचा अहवाल कुठे, गाडी तोच चालवत होता हे कुणी पाहिलं? नुसता तोंडाला वास आला, एवढ्यावर आकडा सिद्ध होत नाही. या टप्प्याला साक्षीदारांना उलट प्रश्न विचारावे लागतात, आणि ते काम वकिलाशिवाय करणं कठीण असतं.

म्हणून, काय बोलायचं सुचत नसेल तर एकच वाक्य पाठ करून जा. मराठीतच बोला. "साहेब, माझ्याकडे वकील नाही, मला परवडत नाही. मला मोफत वकील मिळावा आणि त्यासाठी पुढची तारीख मिळावी." एवढंच. हे म्हणण्यात लाज नाही. पोलिसांनी कोर्टात दाखल केलेल्या कागदांच्या प्रती आरोपीला फुकट मिळतात, त्याही मागा.

मोफत वकील कुठे मिळतो? तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्यानं स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मिळतो. म्हणजे आपल्यातले बहुतेक पुरुष त्यात बसतात. आधार कार्ड, असेल तो जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला आणि समन्स घेऊन जा. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा नंबर आहे. या वकिलाला आपण एक रुपयाही द्यायचा नसतो. मागितला तर समितीकडे तक्रार करा.

अपघातात कुणाला लागलं किंवा कुणी गेलं, तर आत्तापर्यंत सांगितलेलं पुरत नाही. मग वेगळी आणि फार मोठी कलमं लागतात. तिथे वकिलाशिवाय एक शब्दही कबूल करू नये. आणि ज्याला लागलं त्याच्या घरीही आपल्यासारखीच बाई आहे, तिला भरपाई मागायचा हक्क आहे, हे विसरू नका.

दंड भरलात तर कोर्टाची पावती घ्या आणि जपून ठेवा. पावतीशिवाय दिलेला पैसा दंड नव्हे.

शेवटचं घरातलं. कोर्टातून आलेला माणूस राग घरात काढतो, असं बऱ्याच ठिकाणी होतं. हात उचलला तर १८१ किंवा ११२ लावा. केस चालू आहे म्हणून मार सहन करायचा नसतो. आणि त्याला खरंच सोडायची असेल तर हीच वेळ असते, कारण भीती ताजी असते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी फोन आहे. पुण्याला मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. उपचार सुरू केल्याचा कागद कोर्टात दाखवला तर शिक्षा ठरवताना न्यायाधीश त्याचा विचार करू शकतात. कागदासाठी का होईना, एकदा पाऊल पडू दे.

पुढच्या बैठकीत गटाच्या वहीच्या मागच्या पानावर चार नंबर लिहून ठेवा: १५१००, १८१, ११२, १४४४६. खाली तालुका विधी सेवा समितीचा पत्ता लिहा. बैठक संपल्यावर मागे थांबणारीला ते पान दाखवा, आणि जमलं तर तिच्याबरोबर कोर्टापर्यंत जा. नमस्कार.