शब्द आणि त्याची संगत

इंग्रजीची पहिली पुस्तके संपविलेला विद्यार्थी एका चमत्कारिक जागी अडतो. व्याकरणाचे नियम त्याला मुखोद्गत असतात, शब्दांचे अर्थही ठाऊक असतात. तरीही तो 'ही सजेस्टेड मी टु गो' असे लिहून गुण गमावतो. हा दोष आळसाचा नव्हे. 'त्याने मला जाण्याचा सल्ला दिला' आणि 'त्याने मला जाण्याचे सुचविले' ही मराठी वाक्ये जवळजवळ एकाच साच्याची. इंग्रजीत मात्र 'अॅडव्हाइज'ला तो साचा मानवतो, 'सजेस्ट'ला मानवत नाही. तेथे 'ही सजेस्टेड दॅट आय शुड गो' असे म्हणावे लागते. जन्माने इंग्रज असलेल्याला हे कोणी शिकवावे लागत नाही, म्हणून त्याच्यासाठी रचलेले कोश याविषयी बहुधा मुकेच असत.

ही उणीव ओळखली ती जपानात इंग्रजी शिकविणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी. सहकाऱ्यांसह त्यांनी रचलेला कोश १९४२ साली टोकियोत निघाला व १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला. क्रियापद कोणत्या साच्यात बसते, त्याचा क्रमांक त्यात अर्थाबरोबरच दिलेला असे.

तेव्हा वहीत 'सजेस्ट म्हणजे सुचविणे' एवढेच न टिपता अख्खे वाक्य टिपावे आणि कर्ता व काळ बदलून ते चारदा म्हणावे. पाठांतराला नाके मुरडणारे खुशाल मुरडोत. पुढे 'एक्स्प्लेन' घ्यावा. तेथे 'एक्स्प्लेन्ड मी' चालत नाही, 'एक्स्प्लेन्ड टु मी' असेच लिहावे लागते.