चाकाच्या फेऱ्यांचा हिशेब



या व्यासपीठावरून गेले आठ दिवस वेदान्त, महागाई आणि नाट्यसंगीत अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली. त्यांच्यामागून मी उभा राहिलो आहे तो सायकलच्या हँडलवर बसणाऱ्या, काडेपेटीएवढ्या एका यंत्राची हकीकत घेऊन. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी तो जरा चाचरतच सांगितला. ते म्हणाले, "हरकत नाही, पण पुरेल ना?" पुरतो की कसे, ते आता आपणच ठरवावयाचे आहे.

बाजारात या यंत्राला सायकल कॉम्प्युटर म्हणतात. नावाने दडपून जाण्याचे कारण नाही. उपग्रहाशी बोलणारी, नकाशे दाखविणारी, छातीचे ठोके मोजणारी महागडी यंत्रे आहेत. मी त्यांच्याविषयी बोलत नाही. माझे यंत्र अगदी साधे, बिनतारी. चालू वेग, आजचे अंतर, एकूण अंतर, चालण्याचा वेळ, सरासरी, सर्वांत मोठा वेग आणि घड्याळ, एवढेच ते दाखविते. आणि खरे सांगावयाचे तर एवढेही त्याला कळत नाही. त्याला कळते ती एकच गोष्ट : चाक एकदा फिरले.

ते कसे कळते, हे पाहण्यासारखे आहे. पुढच्या चाकाच्या एका स्पोकवर बोराएवढा लोहचुंबक बसवितात. त्याच्या समोर, चिमट्याच्या दांडीवर, एक लहानशी डबी असते. तिच्यात काचेची बारीक नळी आणि नळीत लोखंडी जातीच्या दोन पातळ पट्ट्या, एकमेकींपासून केसभर दूर. चुंबक समोरून गेला की पट्ट्या क्षणभर चिकटतात, वीज वाहते, चुंबक पुढे गेला की सुटतात. ही युक्ति अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतल्या वॉल्टर एलवुड यांनी १९३६ साली काढली. ती टेलिफोनच्या कामासाठी होती, पण चांगली युक्ति कोणाच्या घरी जन्मली आणि कोणाच्या घरी नांदली, याचा नेम नसतो. पट्ट्या चिकटल्या की डबी एक बिनतारी ठोका सोडते. या साध्या जातीत त्याची झेप जेमतेम दीड हात, म्हणजे चिमट्यापासून हँडलपर्यंत. हँडलवरचे यंत्र दोन ठोक्यांमधला वेळ मोजते आणि गुणाकार भागाकार करून आकडा दाखविते. ताशी २० किलोमीटरने आपण चाललो असलो, तर साधारण सायकलचे चाक सेकंदाला अडीचाहून थोडे अधिक फेरे घेते. तेवढे ठोके ते इमानाने मोजते.

परंतु गुणाकाराला दुसरा आकडा हवा. एका फेऱ्यात चाक किती पुढे जाते? हे यंत्राला ठाऊक नाही, ते आपण सांगावयाचे असते. माझ्या सगळ्या व्याख्यानाचा जीव एवढ्यात आहे. आपण सांगितलेले खोटे निघाले, तर यंत्र त्या खोट्याला दशांश चिन्ह लावून अत्यंत आत्मविश्वासाने परत करते. आणि दशांश चिन्ह दिसले की माणसाची शंका संपते!

फेरे मोजून अंतर काढण्याची कल्पना फार जुनी. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याने साडेबारा फूट घेराच्या चाकाची गाडी वर्णिली आहे. चाकाचे चारशे फेरे झाले की पाच हजार फूट, म्हणजे एक रोमन मैल होई, आणि दातेरी चक्रांच्या योजनेने एक खडा भांड्यात टपकन पडे. मुक्कामाला खडे मोजावयाचे. आपल्या देशातले उदाहरण याहून हृद्य आहे. १८६५ साली कुमाऊंचे पंडित नैनसिंह रावत हे यात्रेकरूच्या वेषात तिबेटात शिरले. परदेशी मोजणीदाराला तिथे मज्जाव होता. नैनसिंहांजवळ जपमाळ होती, पण तिच्यात १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी ओढावयाचा. पाहणाऱ्याला वाटे, जप चालला आहे! प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी टिपणे होती. ते १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचले. आता लक्षात घ्या : मणी मोजणे हे त्यातले सोपे काम. अवघड काम आधी झाले होते. चढ असो, उतार असो, पाऊल सारख्याच लांबीचे पडावे याचा त्यांनी कसून सराव केला होता. पाऊल पक्के नसते, तर माळेला काय अर्थ राहिला असता?

आमच्या सायकलचे पाऊल म्हणजे चाकाचा घेर. यंत्राच्या पुस्तिकेत टायरच्या मापांपुढे घेराचे आकडे मिलिमीटरमध्ये छापलेले असतात. बहुतेक लोक टायरवरचे माप वाचून त्यातला आकडा भरतात. पुष्कळ लोक तेही करीत नाहीत, दुकानदाराने जो भरून दिला तोच शिरोधार्य मानतात. मी या दुसऱ्या वर्गातला. माझ्या यंत्रात २०९६ हा आकडा होता. तो बारीक टायरच्या शर्यतीच्या सायकलचा, हे मला दीड वर्षाने कळले. माझे टायर चांगले जाडजूड होते.

मग एका रविवारी वाड्याच्या फरशीवर मी घेर मोजला. रीत सोपी आहे. टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरावी. व्हॉल्व्ह बरोबर खाली आणावा आणि तिथे जमिनीवर खडूची रेघ मारावी. मग सायकलवर बसून, कोणाला तरी आधाराला धरून, सरळ रेषेत चाकाचे तीन फेरे पुढे जावे. व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी रेघ. अंतर टेपाने मोजून तीनने भागावे. स्वतः बसणे महत्त्वाचे, कारण आपल्या वजनाने टायर दबतो आणि घेर काही मिलिमीटरने कमी होतो. मला आधार द्यायला नात होती. तिने टेप धरला तो ६ मीटर ४२ सेंटिमीटरवर. म्हणजे एका फेऱ्याला २१४० मिलिमीटर. यंत्र मला दर फेऱ्यामागे ४४ मिलिमीटर कमी देत होते, शंभर किलोमीटरमागे दोन किलोमीटर! मला झालेला आनंद मी लपविला नाही. नात म्हणाली, "आजोबा, उलटं निघालं असतं तर?" उलटे निघाले असते, तर मी बहुधा मोजणीत चूक झाली असे म्हणून पुन्हा मोजले असते.

बाकीचे दोष किरकोळ आहेत, ते झटपट सांगतो. चुंबक आणि डबी यांत चार पाच मिलिमीटरहून फार अंतर पडले की ठोके गळतात. स्पोकवरचा चुंबक खड्ड्याने सरकला की वेग शून्य दिसतो आणि पायडल मारून आपल्याला घाम आलेला असतो. हँडलवर स्वस्तातला लुकलुकणारा दिवा लावला, तर काही वेळा त्याच्या विजेचा उपद्रव होऊन उभ्या सायकलचा वेग ९९ दिसतो. त्या दिवशीचा सर्वांत मोठा वेग मित्रांना सांगू नये. कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, खिशातला फोन उपग्रहावरून सारे मोजतो. मोजतो, आणि कुठून कुठे गेलो तेही सांगतो, जे माझ्या यंत्राला सात जन्मांत सांगता येणार नाही. पण फोन थोड्या थोड्या वेळाने आपली जागा टिपतो आणि ते बिंदू जोडतो. घाटातल्या वळणांवर तो कोपरे कापतो, बोगद्यात अंदाजाने चालतो. चाक मात्र रस्ता कोपऱ्यासकट चालते. शिवाय माझे यंत्र माझ्याविषयी कोणाला काही कळवीत नाही.

आता सरासरीकडे येतो, कारण इथे मला दुखापत झालेली आहे.

सरासरी हा या यंत्रातला सर्वांत फसवा आकडा. आपण थांबलो की बहुतेक यंत्रे वेळ मोजणे थांबवितात, तेव्हा चहाच्या टपरीवरची अर्धी घटका सरासरीत येत नाही, हा एक भाग. दुसरा भाग गणिताचा. समजा, दहा किलोमीटरचा घाट आपण ताशी १० च्या वेगाने चढलो. जाऊन येऊन सरासरी २० हवी असेल, तर उतरताना वेग किती हवा? समोरून कोणी तरी ३० म्हणाले. चारचौघांत हेच उत्तर येते. पण ३० ने उतरलो तर उताराला वीस मिनिटे लागली, एकूण वीस किलोमीटरला एक तास वीस मिनिटे, सरासरी १५. वीसची सरासरी हवी तर सबंध वीस किलोमीटर एका तासात व्हावयास हवेत, आणि तो तास तर चढण्यातच संपला! उतार शून्य वेळात उतरला पाहिजे. चढावर गेलेला वेळ उतारावर वसूल होत नाही, कारण सरासरी अंतराची नसते, वेळेची असते.

हे मला आज फळ्यावर मांडता येते. त्या दिवशी कात्रजच्या जुन्या घाटातून खाली येताना मला ते कळत नव्हते. सरासरी १४.६ दिसत होती आणि ती १५ झालेली मला पाहावयाची होती. वेग ४६ होता. हे नक्की सांगता येते, कारण मी रस्त्याकडे नव्हे, त्या आकड्याकडे पाहत होतो. वळणावर एक म्हातारी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चालली होती. दोन्ही ब्रेक आवळले, सायकल आडवी झाली, मी खडीवरून घसरत तिच्या पायांपासून हातभर अंतरावर थांबलो. गुडघा फुटला. यंत्र हँडलवर शाबूत होते आणि शून्य दाखवीत होते. म्हातारीने मोळी खाली ठेवली, मला उठवून बसविले आणि म्हणाली, "एवढी कसली घाई, बाबा? घर पळून चाललंय व्हय?" मी तिला काय सांगणार होतो? की चार दशांशांसाठी आलो होतो?

तेव्हापासून चालत्या सायकलवर माझ्या यंत्राच्या पडद्यावर घड्याळ असते. बाकीचे आकडे मी घरी आल्यावर पाहतो.

आणि वहीत लिहितो. वहीची गोष्ट सांगतो. यंत्रात रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो. तो संपत आला तेव्हा मी यंत्र एका दुकानात दिले. मुलाने जुना सेल काढला, नवा घातला, "घ्या काका" म्हणून परत दिले. एकूण अंतराच्या जागी शून्य होते. ६८४० किलोमीटर गेले होते. मुलाचा दोष नव्हता. या जातीच्या पुष्कळ यंत्रांची स्मृति सेलबरोबरच जाते. सेल काढण्याआधी घेर आणि एकूण अंतर लिहून ठेवावे. काही यंत्रांत ते पुन्हा भरताही येते. मी लिहिले नव्हते. माणूस फिरलेला असतो, पाय फिरलेले असतात, आणि तरीही ते शून्य पाहून मला कोणी तरी घरातून सामान उचलून नेल्यासारखे वाटले. घरी आल्यावर दोन रेघांची वही काढली. तारीख, एकूण अंतराचा आकडा, वाट, वारा समोरून की मागून, आणि साखळी वा टायर बदलला असल्यास ती नोंद. आजचे अंतर नव्हे, एकूण अंतराचा आकडा लिहावा. आजचे अंतर शून्यावर आणावयाचे आपण दोन दिवसांआड विसरतो. एकूण अंतरात काल आणि आज यांची वजाबाकी केली की चूक आपोआप उघडी पडते.

अशा वहीतून काय निघू शकते, याचा एक मासला देतो. केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांचे नाव आपण १९१९ च्या ग्रहणाच्या संदर्भात ऐकले असेल. १९३५ च्या जानेवारीत लंडनच्या सभेत त्यांनी आपल्या चंद्रशेखरांच्या सिद्धांताची भर सभेत टर उडविली, तो सिद्धांत ज्यासाठी आज जग चंद्रशेखरांना ओळखते. ते तरुण चंद्रशेखरांना किती लागले असेल! पण या दोघांचा पत्रव्यवहार तुटला नाही, आणि एडिंग्टन त्या पत्रांतून सायकलचा हिशेब कळवीत. तो असा : ज्या दिवशी निदान क्ष मैल सायकल चालविली, असे निदान क्ष दिवस आयुष्यात झाले, तर तो क्ष आपला आकडा. १९३८ साली एडिंग्टन यांचा आकडा ७५ होता. ७५ मैलांचे ७५ दिवस!

या आकड्याची गंमत अशी, की तो एका दिवसाच्या पराक्रमाला भीक घालीत नाही. दोनशे मैल एकदा गेलात, तो एकच दिवस धरला जातो. आणि आकडा वाढला की मागची पुंजी निकामी होते : ७५ वरून ७६ व्हावयाचे तर नेमके ७५ मैल गेलेले सगळे दिवस बाद. त्याला सरासरी लागत नाही, उतारावरचा वेग लागत नाही. दिवसाचे अंतर तेवढे लागते, आणि तेवढे आमच्या साध्या यंत्राला नीट देता येते, घेर खरा भरला असेल तर.

मी माझा आकडा मैलांत नव्हे, किलोमीटरमध्ये धरतो. वयाला तेवढी सवलत असावी. हरवलेले ६८४० किलोमीटर त्यात नाहीत, कारण त्यांचे दिवस लिहिलेले नाहीत. वही सुरू केल्यापासून तो आज ४१ आहे. ४२ व्हावयास ४२ किंवा त्याहून अधिक किलोमीटरचे आणखी तीन दिवस हवेत. त्यांतला एक उद्या, पहाटे साडेपाचला, पानशेतच्या रस्त्याने.

यंत्र मी मेजावर ठेवले आहे, खडू आणि टेपही आणले आहेत. बाहेर ज्यांच्या सायकली उभ्या असतील, त्यांच्या चाकाचा घेर सभा संपल्यावर फाटकापाशी मोजून देईन. आधाराला नात आली आहे.