येझदी, पाणंद आणि आर.सी. बुक
(आष्टा येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



एरवी शिबिरात मला पोटगी, वारसाहक्क, पोलीस ठाण्यातली तक्रार असे विषय देतात. या वेळी संयोजक मैत्रिणी म्हणाल्या, 'आक्का, तुमच्या येझदीबद्दल सांगा.' मला आनंद झाला. पोटगीबद्दल बोलताना कधी हसू येत नाही, येझदीबद्दल बोलताना येतं. पण ऐकता ऐकता तुमच्या लक्षात येईल की विषय फारसा बदललेला नाही.

इथल्या तरुण मुलींनी येझदी पाहिली असेल तर ती २०२२ साली पुन्हा बाजारात आलेली. ती फोर-स्ट्रोक. मी सांगतेय ती जुनी, टू-स्ट्रोक, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. आधी तिचं नाव जावा होतं, सत्तरच्या दशकात येझदी झालं. अडीचशे सी.सी., एक सिलिंडर आणि सायलेन्सर मात्र दोन. मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत या गाड्या पळत, आणि आमच्या भागात दुधाचे कॅन घेऊन पळत. ऐंशीच्या दशकात आष्ट्यात दुचाकी म्हणजे बहुतेक टू-स्ट्रोकच. दूधवाल्याची राजदूत नाहीतर येझदी, मास्तरांची लूना, नोकरदाराची बजाज स्कूटर. पुढे यामाहाची आर.एक्स. १०० आली, ती तरुण पोरांची. बसस्टँडवर डोळे मिटून उभं राहिलं तरी आवाजावरून गाडी ओळखू यायची.

या सगळ्यांत बाई कुठे होती? मागच्या सीटवर, एका बाजूला दोन्ही पाय सोडून, मांडीवर एक मूल आणि हातात पिशवी. पुढे १९८९ साली केंद्रीय मोटार वाहन नियम आले. त्यातला १२३ क्रमांकाचा नियम सांगतो की मोटारसायकलला मागच्या माणसासाठी धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं चाक निम्मं तरी झाकेल अशी जाळी हवी, म्हणजे कपडा चाकात अडकणार नाही. नियम चांगला आहे, त्यामुळे कित्येक जीव वाचले असतील. पण बायांनो, आपण त्या जाळीला म्हणतो काय? साडी गार्ड. साडी मागेच बसणार हे आपल्या बोलण्यातच ठरून गेलंय.

१९८७ साली मी सव्वीस वर्षांची, सासर सोडून माहेरी आलेली. टाकलेल्या बायकांच्या प्रश्नावर काम सुरू केलं होतं. बावची, गोटखिंडी, बागणी, शिगाव, दुधगाव अशा गावांना जावं लागे. दिवसा एसटी मिळायची. पण नवरा बायकोला घराबाहेर काढतो ते काही एसटीच्या वेळेला नाही. शेवटची गाडी गेल्यावर निरोप यायचा आणि मी कुणाच्या तरी भावाला, दिराला 'मला सोडता का' म्हणून विचारत फिरायची. कधी कधी ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच चुलतभावाच्या गाडीवर मागे बसून जायची वेळ आली. मग त्या घरात शिरून मी काय बोलणार?

एक म्हातारे दूधवाले धंदा बंद करणार होते, त्यांची येझदी विकायला निघाली. मी पाटल्या मोडल्या. दूधवाले म्हणाले, 'कागद आण्णांच्या नावावर करू, पोरीच्या नावावर कशाला?' आण्णा गप्प राहिले. आईच आतून म्हणाली, 'पाटल्या तिच्या, मग गाडी कुणाची?' दोन शब्दांत तिने स्त्रीधनाचा कायदा सांगितला. गाडी माझ्या नावावर झाली.

चालवायला मी पाणंदीतच शिकले. डांबरी रस्त्यावर बघे फार. येझदीची किक आणि गिअर एकाच दांडीचे. दांडी आत दाबून वर उभी केली की किक, इंजिन सुरू झालं की पुढे घ्यायची, मग तोच गिअर. पहिला आठवडा पिंढरी काळीनिळी. सहावारी साडी पायात यायची म्हणून मी पंजाबी ड्रेस शिवला, तर गावाला गाडीपेक्षा त्या ड्रेसचंच कौतुक. शेजारच्या काकी नऊवारी नेसायच्या. गाडीकडे बघत म्हणाल्या, 'मला काय अडचण हाय? माझा काष्टा घट्ट हाय.' खरंच होतं ते. शेतात राबणाऱ्या बाईचं नेसणं मोटारसायकलला कधीच आडवं आलं नसतं. आडवी आली ती रीत.

कृष्णाकाठची आपली काळी माती तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात पाणंदीला चिखल नसतो, लापशी असते. मडगार्डमध्ये माती भरून चाक जागीच थांबतं. मी टूलबॉक्समध्ये पान्ह्याशेजारी खुरपं ठेवायची. उतरायचं, खरवडायचं, पुन्हा किक. हळूहळू कळत गेलं. दुसऱ्या गिअरवर एका लयीत चालवायची, पुढचा ब्रेक लावायचा नाही, खड्ड्यात सीटवरून उठून पायांवर उभं राहायचं, हँडल गच्च आवळायचं नाही. टू-स्ट्रोक गाडी ॲक्सिलेटर सोडला म्हणून फारशी अडत नाही, घसरतीला नुसती वाहत जाते. पहिल्यांदा भीती वाटते, नंतर तीच मजा. दोन्ही बाजूंनी डोक्याएवढा ऊस, मध्ये एकटी मी आणि तो फटफट आवाज. लहानपणापासून 'तिन्हीसांजेला बाहेर जाऊ नको' ऐकलेल्या बाईला हे सुख काय असतं, ते तुम्हाला समजावून सांगायला नको.

आणि इंजिन! गॅरेजवाल्या तात्यांनी एक दिवस सगळं उघडून दाखवलं. मला वाटलं होतं आत फार मोठं गुपित असेल. टू-स्ट्रोकला वरच्या बाजूला व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात. पिस्टन वरखाली होताना त्याच उघडतो, त्याच झाकतो. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं, लिटरला साधारण ४० मिलीलिटर, आणि गाडी दोन्हीकडे हलवून घ्यायची. आमटीला फोडणी देणाऱ्या बाईला ते प्रमाण अवघड नाही. प्लग काढून बघायचा. विटकरी असेल तर गाडी निरोगी, काळा ओला असेल तर ऑईल जास्त झालं, पांढरट असेल तर इंजिन तापतंय. सायलेन्सरची पुंगळी कार्बनने बुजली की चुलीत जाळून काढायची. आई म्हणायची, 'भाकरीच्या चुलीत हे काय?' पण सरपण तीच पुढे सारायची.

बायका यंत्राला भितात म्हणतात. आपण शिलाई मशीन उघडतो, स्टोव्हला पिन करतो, जात्याला टाकी लावून घेताना कुठे नीट लागली नाही ते सांगतो. मग यंत्राची भीती कुठून आली? आपल्यासमोर ते कुणी उघडलंच नाही, एवढंच. १९९१ नंतर तामिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. अक्षराबरोबर सायकल, हे मला त्या वेळी फार पटलं, कारण मी तेच पाणंदीत अनुभवलं होतं.

एका पावसाळी रात्री अशाच एका बाईला घेऊन मी तिच्या माहेरी निघाले. अर्ध्या वाटेत गाडी बंद. प्लग ओला झाला होता. तिने बॅटरी धरली, मी प्लग काढला, पदराने पुसला, पॉलिशपेपर मारला. गाडी सुरू झाली तशी ती म्हणाली, 'आक्का, एवढंच असतं?' तासापूर्वी रडत असलेली बाई हे विचारत होती. पुढे तिने म्हैस घेतली, दूध घातलं आणि लूना घेतली. तिचा प्लग ती स्वतः साफ करायची.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पुढे वडील वारले. सातबाऱ्यावर भावांबरोबर आपलंही नाव लागावं म्हणून तिने अर्ज दिला. भाऊ म्हणाले, हक्कसोडपत्रावर सही कर. तिने केली नाही. दुसऱ्या दिवशी भावाने लूना नेली. आम्ही तक्रार करायला गेलो तेव्हा कळलं, आर.सी. बुकावर नाव भावाचंच. पैसे तिचे, हप्ते तिचे, कागद त्याचा. 'बाईमाणसाला आर.टी.ओ.चे हेलपाटे कशाला' म्हणून त्याने स्वतःच्या नावावर घेतली होती. दूध घालायला ती पुन्हा चालत जाऊ लागली. तीन महिने चालली, पण सही केली नाही. मग जुनी सायकल घेतली. पावती तिच्या नावाची.

माझी येझदी माझ्याकडून कुणी नेऊ शकलं नाही, कारण आईने त्या दिवशी तोंड उघडलं होतं. दोघींमध्ये फरक होता तो त्या एका कागदाचा.

टू-स्ट्रोकचे दिवस गेले ते योग्यच झालं. ऑईल जळायचं, काही पेट्रोल न जळताच बाहेर पडायचं, मागच्या माणसाच्या नाकात निळसर धूर. आणि मागे बहुतेक वेळा कोण असायचं ते सांगितलंच. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला, आर.एक्स. १०० थांबली, २००० सालापासून प्रदूषणाचे नियम कडक झाले. आठवण गोड असली तरी तो धूर परत यावा असं मला वाटत नाही.

आता बटणावर सुरू होणाऱ्या, बिनगिअरच्या, विजेवरच्या गाड्या आहेत. आष्ट्यातल्या मुली त्यावरून सांगली-इस्लामपूरला कॉलेजला जातात. बघून ऊर भरून येतो. पण बचत गटाच्या बैठकीत मी विचारते, 'गाडी कुणाच्या नावावर?' तर अनेकजणी म्हणतात, 'ह्यांच्या. काय फरक पडतो?' फरक गाडी घराबाहेर काढायची वेळ आल्यावर पडतो.

म्हणून कामाचं सांगते. नवी गाडी घेताना पैसे तुमचे असतील तर नाव तुमचं घाला. जुनी घेतली असेल तर मालकी बदलायला नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. कर्ज फिटलं की नमुना ३५ देऊन बोजा उतरवून घ्या. विम्यावरही तेच नाव हवं. लायसन्स काढा, हेल्मेट घाला. आणि गटातल्या निदान दोघींनी तरी पंक्चर, ब्रेक, बॅटरी यातलं काहीतरी हाताने करायला शिकून घ्या, म्हणजे रात्री निरोप आला तर कुणाच्या दिराला विचारावं लागणार नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातल्या गाडीचं आर.सी. बुक घेऊन यायचं. मोबाईलवर असेल तर मोबाईलवर. आपण सगळ्या मिळून नावं वाचू.